देवनागरीत डोमेन नाव घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्था, दुकान, मासिक किंवा शेतमालाचा व्यवसाय यांच्या संकेतस्थळासाठी देवनागरी नाव घ्यावे की नाही, घ्यायचे तर ते कसे, आणि घेतल्यावर अडचणी कुठे येतात, असे प्रश्न मराठी मंडळी सतत विचारत असतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जिथे मराठी लेखनाचाच प्रश्न येतो तिथे उत्तर लांबले आहे, कारण नाव चुकते ते बहुधा तिथेच.

देवनागरी डोमेन नाव म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळाच्या ज्या पत्त्याचे नाव आणि टिंबानंतरचा शेवटचा भाग हे दोन्ही देवनागरीत आहेत, उदाहरणार्थ ‘वाचनालय.भारत’, ते पूर्ण देवनागरी डोमेन नाव होय. येथे एक गल्लत नेहमी होते. मराठी विकिपीडियावर पुण्याचे पान उघडले की पत्त्याच्या शेवटी ‘पुणे’ असे देवनागरीत दिसते. मात्र तो संकेतस्थळाच्या आतल्या पानाचा मार्ग असतो. डोमेन नाव रोमनच असते. मार्गातील देवनागरीसाठी कोणतीही नोंदणी करावी लागत नाही. ती संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हातातली गोष्ट आहे. डोमेन नाव मात्र जगभरातून एकच असावे लागते, आणि म्हणून ते नोंदवावे लागते.

इंटरनेटला फक्त रोमन अक्षरे समजतात असे ऐकले आहे. मग देवनागरी कशी चालते?

ऐकलेले अर्धे खरे आहे. नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी डीएनएस ही व्यवस्था १९८०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली आणि तिची आजही पायाभूत मानली जाणारी मानके नोव्हेंबर १९८७मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळच्या प्रथेनुसार नावात ए ते झेड ही अक्षरे, ० ते ९ हे आकडे आणि मधली छोटी आडवी रेघ, म्हणजे हायफन, एवढेच चालत असे. जगभर पसरलेली ही यंत्रणा बदलणे धोक्याचे होते. म्हणून ती आहे तशीच ठेवून, इतर लिप्यांतील नाव तिला पचेल अशा रोमन रूपात बदलण्याची युक्ती काढण्यात आली. तिचे मानक मार्च २००३मध्ये आले, आणि २०१०मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. या रूपांतराला प्युनिकोड म्हणतात.

‘भारत’ हा शब्दच घेऊन पाहू. आपल्या डोळ्यांना तिथे तीन अक्षरे दिसतात. संगणकावर प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरावीक क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणाऱ्या युनिकोड या पद्धतीच्या हिशेबाने मात्र ते भ, काना, र आणि त असे चार संकेतांक आहेत. प्युनिकोड त्यांचे ‘एच-२-बी-आर-जे-९-सी’ असे सात रोमन चिन्हांचे रूप करतो, आणि हे रूपांतरित नाव आहे हे ओळखता यावे म्हणून त्यापुढे ‘एक्स-एन’ आणि लागोपाठ दोन हायफन लावतो. आपण ब्राउझरमध्ये ‘.भारत’ लिहितो, ब्राउझर मुकाट्याने हे रूपांतर करतो आणि यंत्रणेला रोमन रूपच विचारतो. म्हणजे यंत्रणा अजूनही रोमनच वाचते. माणसाला मात्र ते वाचावे लागत नाही. हा फरक एकदा लक्षात आला की पुढच्या बहुतेक शंका आपोआप सुटतात.

टिंबांमधल्या प्रत्येक भागाची कमाल मर्यादा ६३ चिन्हांची आहे आणि ती रूपांतरित रूपाला लागू होते. ‘भारत’सारख्या छोट्या शब्दालाच सुरुवातीची चार चिन्हे धरून अकरा जागा लागतात. त्यामुळे संस्थेचे ‘सार्वजनिक वाचनालय व ग्रंथसंग्रहालय’ असे लांबलचक नाव जसेच्या तसे घेण्याचा विचार सोडलेला बरा.

सिरिलिक लिपीचे उदाहरण या विषयात वारंवार का दिले जाते?

कारण देशाच्या नावाचा शेवटचा भाग स्वतःच्या लिपीत मिळवून तो खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत नेणाऱ्या पहिल्या देशांत रशिया आहे, आणि रशियन भाषा ज्या लिपीत लिहितात त्या सिरिलिकच्या अडचणी सर्वांत बोलक्या आहेत.

जगभरच्या नावांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ऑक्टोबर २००७मध्ये अकरा चाचणी नावे सुरू केली होती. त्यांत रशियन, अरबी, तमिळ यांच्याबरोबर देवनागरीतले ‘उदाहरण.परीक्षा’ हेही होते. नोव्हेंबर २००९मध्ये देशांकडून अर्ज घेणे सुरू झाले. मे २०१०मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांची अरबी नावे प्रथम कार्यान्वित झाली आणि त्याच महिन्यात रशियाचे सिरिलिक नावही आले. ११ नोव्हेंबर २०१० रोजी ते सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच दोन लाखांहून अधिक नावे नोंदली गेली. आपली भाषा आपल्याच अक्षरांत लिहिण्याची ओढ किती मोठी असते, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

रशियाने ‘रु’ हे जवळचे वाटणारे रूप घेतले नाही, ‘रशियन फेडरेशन’ची आद्याक्षरे घेतली. सिरिलिकमधील ‘र’ हुबेहूब रोमन ‘पी’सारखा दिसतो आणि ‘उ’ रोमन ‘वाय’सारखा. म्हणजे ‘रु’ लिहिले असते तर ते ‘पी-वाय’ असे वाचले गेले असते, आणि ‘पी-वाय’ हा पॅराग्वे देशाचा संकेत आहे. बल्गेरियाला तर याच साम्याचा खरा फटका बसला. त्याच्या सिरिलिक आद्याक्षरांचा अर्ज २०१०मध्ये नाकारला गेला, कारण ती ब्राझीलच्या ‘बी-आर’सारखी दिसतात असे ठरले. पाठपुरावा करून ते नाव मिळेपर्यंत २०१६ उजाडले. देवनागरी आणि रोमन यांच्यात असे साम्य नाही, आणि या एका बाबतीत आपण सुदैवी आहोत.

‘.भारत’ कधी आले, आणि ते हिंदीसाठी आहे की मराठीसाठीही?

देवनागरीतील ‘.भारत’ची नोंदणी २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. ते केवळ हिंदीचे नाही. हिंदी, मराठी, कोंकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते आखले गेले. गोव्यात कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषांतील संस्थांना तेच नाव वापरता येते. गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, उर्दू आदींसाठी त्या त्या लिपीत वेगळी नावे आहेत. अशी एकूण पंधरा नावे मिळून राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील बावीसही भाषांची सोय झाली आहे. या सर्वांचे व्यवस्थापन निक्सी ही संस्था करते. कोणती अक्षरे कोणत्या क्रमाने चालावीत हे ठरवण्याच्या मूळ भाषिक कामात पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि मराठीच्या गरजांची दखल घेतली जाण्यात या शहराचा संबंध उपयोगी पडला असे मला वाटते.

आठ भाषांचे घर एकच असल्यामुळे एक गोष्ट मात्र पत्करावी लागते. एखादा शब्द मराठीत आणि हिंदीत सारखाच लिहिला जात असेल, तर तो ज्याने आधी नोंदवला त्याचा. ‘विद्यालय’, ‘प्रकाशन’, ‘संगीत’ असे शब्द कुण्या एका भाषेसाठी राखून ठेवलेले नाहीत.

मराठी नाव लिहिताना कोणत्या अक्षरांची काळजी घ्यावी?

सर्वांत जास्त नुकसान येथेच होते, म्हणून शांतपणे वाचावे. यंत्रणा शब्दाचा उच्चार पाहत नाही आणि अक्षराचा आकारही पाहत नाही. ती फक्त युनिकोडचे संकेतांक आणि त्यांचा क्रम पाहते. दोन नावे पडद्यावर तंतोतंत सारखी दिसत असली, तरी आत संकेतांक वेगळे असतील तर ती दोन वेगळी नावे ठरतात.

पहिली अडचण ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आपल्याला शाळेतच शिकवलेला असतो: पहिले गुरू, दुसरे स्वयंपाकी. ‘शेतकऱ्यांचे’, ‘वारकऱ्यांचा’, ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे शब्द असलेले नाव मराठीत अगदी साहजिक आहे. हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार म्हणजे ‘ऱ’ हे खालचे टिंब असलेले अक्षर, मग पायमोडक्याचे चिन्ह आणि मग य. दुसरा म्हणजे साधा र, पायमोडक्याचे चिन्ह, त्यानंतर पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य. छापून दोन्ही सारखेच दिसतात. घोटाळा त्या अदृश्य चिन्हात आहे. २००३च्या नियमांप्रमाणे चालणारी यंत्रणा ते चिन्ह गुपचूप गाळून टाकते, म्हणजे ‘दऱ्या’ लिहिणाऱ्याच्या हाती ‘दर्या’ येतो. डोंगराकडे निघालेला माणूस समुद्रावर पोहोचतो. नव्या नियमांत ते चिन्ह विशिष्ट जागी मान्य आहे, तरी त्यावर विसंबून नाव घेऊ नये. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरूनच नाव लिहावे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की ते मिळते. मोबाइलवर अनेकांना ते सापडत नाही आणि ते ‘शेतकर्यांचे’ असे लिहून मोकळे होतात. म्हणून अशा शब्दाचे नाव घेताना, लोक ते मोबाइलवर कसे लिहितील याचाही विचार करावा आणि जमल्यास तो शब्दच टाळावा. ‘शेतकऱ्यांचा बाजार’पेक्षा ‘शेतकरी बाजार’ हे नाव पत्ता म्हणून कितीतरी निर्धोक आहे.

दुसरी अडचण ‘ॲ’ची. ‘ॲग्रो’ हा शब्द महाराष्ट्रातल्या कृषी सेवा केंद्रांच्या पाट्यांवर जागोजागी असतो, आणि वकिलांच्या नावापुढे ‘ॲड.’ असतेच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८मध्ये मिळाला, आणि तो मुख्यतः मराठीच्या गरजेतून. त्याआधीची सवय म्हणून अनेक जण अ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवतात. दिसायला फरक नाही, परंतु स्वरावर पुन्हा स्वरचिन्ह चढवणे लेखननियमात बसत नाही आणि असे नाव नाकारले जाऊ शकते. कळफलकावरचा थेट ‘ॲ’च वापरावा.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करण्याची सवय फार जुनी आहे. ‘अंतःकरण’ किंवा ‘प्रातःकाल’ या शब्दांत तो अपूर्णविराम आला, तर पत्त्यात त्याचा अर्थच बदलतो, कारण त्या चिन्हानंतर ब्राउझर पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या दाराने आत जायचे याचा, क्रमांक शोधू लागतो. खरा विसर्ग हे वेगळे चिन्ह आहे.

एक दिलासा मात्र आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. हिंदीत त्यांचे आकार वेगळे असतात, परंतु युनिकोडच्या दृष्टीने ल एकच आणि श एकच. आकार फॉन्ट ठरवतो. त्यामुळे ‘शाळा’ हे नाव मराठी वळणाने दिसले काय किंवा हिंदी वळणाने दिसले काय, पत्ता तोच राहतो.

ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यास काय होते? एकाच नावाची दोन रूपे घ्यावीत का?

‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुर’ ही दोन वेगळी डोमेन नावे आहेत. मराठीत पू दीर्घ, हिंदीत पु ऱ्हस्व. एकाचा मालक एक आणि दुसऱ्याचा दुसराच असू शकतो. ‘पंढरपूर’ अनुस्वाराने लिहिणे आणि ‘पण्ढरपूर’ असे परसवर्णाने लिहिणे यांतही हेच. शुद्धलेखनाविषयी आपल्याकडे एरवी जी थोडी ढिलाई चालून जाते, ती पत्त्यात चालत नाही.

माझा सल्ला असा, की प्रमाण मराठी रूप हेच मुख्य नाव ठेवावे, आणि ज्या एका चुकीच्या किंवा हिंदी रूपाने लोक हमखास लिहितात ते रूपही घेऊन मुख्य नावाकडे वळते करावे. चार-पाच रूपे घेत बसू नये. दरवर्षी त्या सर्वांचे नूतनीकरण करावे लागते, आणि विसरलेले एखादे रूप दुसऱ्याच्या हाती गेले तर तो आपल्याच वाचकांना फसवू शकतो.

देवनागरी आणि रोमन अक्षरे एकाच नावात चालतात का?

‘.भारत’मध्ये दोन लिप्यांची सरमिसळ चालत नाही. रशियाच्या सिरिलिक नावातही फक्त सिरिलिक अक्षरे, आकडे आणि हायफन चालतात. देवनागरी नाव घेऊन पुढे रोमन ‘.कॉम’ ठेवणे मात्र फार पूर्वीपासून शक्य आहे. त्यात माणसाला एकाच पत्त्यासाठी मध्येच कळफलक बदलावा लागतो, आणि ज्याला रोमन येत नाही त्याची अडचण तशीच राहते. म्हणूनच शेवटचा भागही देवनागरीत असण्याला महत्त्व आहे.

दिसायला सारख्या अक्षरांमुळे फसवणूक होते, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि सरमिसळीवर बंदी त्यामुळेच आहे. रोमन आणि सिरिलिक या लिप्यांत ए, सी, ई, ओ, पी, एक्स या अक्षरांचे आकार जवळजवळ एक आहेत. २००२मध्येच संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या नावातील दोन अक्षरे सिरिलिक घेऊन तसे नाव नोंदवून दाखवले होते. एप्रिल २०१७मध्ये तर ‘ॲपल’ या नावाची पाचही अक्षरे सिरिलिकमधून घेऊन एका संशोधकाने तसेच दिसणारे नाव नोंदवले. त्यात सरमिसळ नव्हतीच, म्हणून तेव्हाचे क्रोम आणि फायरफॉक्स ते खरे नाव असल्यासारखे दाखवत होते. त्यानंतर क्रोमने असे संशयास्पद नाव मूळ लिपीत न दाखवता ‘एक्स-एन’पासून सुरू होणाऱ्या रूपात दाखवायला सुरुवात केली.

देवनागरीतही घ आणि ध, भ आणि म, ब आणि व लहान आकारात फसवतात. मोबाइलच्या पडद्यावर ‘द्घ’ आणि ‘द्ध’ वेगळे काढायला तर सरावलेले डोळे लागतात. शेजारच्या गुरुमुखी लिपीतील ट आणि ठ आपल्यासारखेच दिसतात. पैशांचा व्यवहार असलेले नाव निवडताना अशी जोडाक्षरे टाळावीत, आणि बँकेचा पत्ता संदेशातल्या दुव्यावरून उघडू नये, ही खबरदारी लिपी कोणतीही असली तरी पाळावीच.

नोंदणीची प्रत्यक्ष पद्धत काय?

नाव निक्सीकडून थेट मिळत नाही. निक्सीने मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावे विकणाऱ्या कंपनीकडून, घ्यावे लागते. सर्वच रजिस्ट्रार ‘.भारत’ विकत नाहीत, म्हणून आधी ते विचारून घ्यावे. त्यांच्या शोधपेटीत देवनागरी नाव लिहिले की ते उपलब्ध आहे की नाही कळते. काही ठिकाणी शोधपेटीला देवनागरी समजत नाही आणि तिथे रूपांतरित रोमन रूप द्यावे लागते. ओळख आणि पत्ता यांची कागदपत्रे जवळ ठेवावीत. नाव संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक खात्यावर ते नोंदवल्याने पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, की संस्थेला स्वतःचेच नाव परत मिळवायला महिने लागल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत.

नाव कधीही छापील पत्रकावरून किंवा डीटीपीच्या फायलीतून उचलून शोधपेटीत चिकटवू नये. जुन्या डीटीपी फॉन्टमधले ‘मराठी’ हे आत रोमन चिन्हेच असतात. फॉन्ट काढला की त्याची विचित्र अक्षरे होतात. नाव युनिकोडमध्ये स्वतःच्या हाताने टाइप करावे, एका अक्षरामागे एक करत मागे खोडून पाहावे, आणि प्रत्येक खोडण्याला काय नाहीसे होते ते बघावे. कळ दाबूनही पडद्यावर काहीच बदलले नाही, तर तिथे अदृश्य चिन्ह शिरले आहे असे समजावे.

संकेतस्थळ जिथे ठेवले जाते त्या होस्टिंग सेवेच्या पानावर आणि सर्व्हरच्या मांडणीत बहुतेक वेळा रोमन रूपच भरावे लागते. ते रूप वहीत लिहून ठेवावे. ते पुन्हा पुन्हा लागते.

संकेतस्थळ सुरक्षित असल्याची खूण म्हणून ब्राउझर जे कुलूप दाखवतो, त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळते का?

मिळते. प्रमाणपत्र रोमन रूपासाठीच दिले जाते. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रे देणारी संस्था ऑक्टोबर २०१६पासून अशा नावांनाही ती देते.

आधीपासून रोमन नाव आहे. ते सोडून द्यावे का? शोधयंत्रात आपण मागे पडू का?

सोडू नये. देवनागरी नाव हे दुसरे दार आहे, आणि जुन्या दाराने येणारी माणसे येतच राहणार. एक नाव मुख्य ठेवावे आणि दुसरे त्याकडे कायमचे वळवावे. दोन्हीकडे तोच मजकूर स्वतंत्रपणे ठेवू नये. गूगल देवनागरी रूप आणि त्याचे रोमन रूप एकच मानते, त्यामुळे नाव देवनागरी आहे म्हणून मागे पडण्याचे कारण नाही. तसेच नाव देवनागरी आहे एवढ्यावरून कोणी पुढे जाईल, असेही नाही.

देवनागरी ईमेल पत्ता चालतो का?

या उत्तरात मन थोडे खट्टू होते. मानक म्हणून सर्व तयार आहे. त्याचे नियम २०१२मध्ये प्रसिद्ध झाले आणि जीमेलने २०१४पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार शक्य केला. राजस्थान सरकारने २०१७च्या अखेरीस आपल्या नागरिकांना ‘राजस्थान.भारत’वर हिंदी ईमेल पत्ते देऊ केले. तरीही पत्र पोहोचण्यासाठी वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला हे नियम समजावे लागतात, आणि ऑनलाइन अर्जांतील ईमेलचा रकाना तर फार वेळा रोमन अक्षरांखेरीज काहीच स्वीकारत नाही.

आमच्या भागातील एका वाचनालयासाठी आम्ही देवनागरी नाव घेतले आणि मोठ्या उत्साहाने ‘ग्रंथपाल’ हा ईमेल पत्ता त्यावर सुरू केला. पहिल्याच आठवड्यात एका अनुदानाचा ऑनलाइन अर्ज भरताना रकान्याखाली लाल अक्षरांत ‘वैध ईमेल लिहा’ असे आले. तो संदेश मराठीत होता. मराठीत लिहिलेला पत्ता अवैध आहे हे आम्हाला मराठीतूनच सांगितले जात होते, आणि ग्रंथपालबाईंनी पत्ता तीनदा तपासून, माझेच शुद्धलेखन चुकले असेल का, असे विचारले. त्यांचे काहीही चुकले नव्हते. त्यानंतर आम्ही रोमन पत्ताही सुरू केला आणि दोन्हींची पत्रे एकाच पेटीत आणली.

व्यवहारात एक मधला मार्ग उत्तम चालतो. ॲटच्या चिन्हाआधीचा भाग रोमन ठेवावा आणि नंतरचे देवनागरी डोमेन त्याच्या ‘एक्स-एन’ रूपात लिहावे. असा पत्ता जुन्यातल्या जुन्या सर्व्हरलाही समजतो, कारण त्याच्या दृष्टीने ती साधी रोमन अक्षरे आहेत. दिसायला तो चांगला नाही, पण अर्ज अडत नाही. आणि जिथे देवनागरी पत्ता नाकारला जातो, तिथे संबंधितांना तक्रार लिहावी. रकान्याची तपासणी करणारी एक ओळ बदलली की काम होते, आणि कुणी मागितल्याशिवाय ती ओळ बदलली जात नाही.

पत्ता कॉपी करून पाठवला की विचित्र रोमन अक्षरे का येतात?

ब्राउझरच्या पट्टीतून उचललेला पत्ता अनेकदा रूपांतरित रूपात येतो. तो दुवा चालतो, पण वाचणाऱ्याला तो फसवणुकीचा वाटतो. पानाच्या मार्गातील देवनागरीचे रूप तर आणखी लांब होते: तिथे प्रत्येक संकेतांकासाठी नऊ चिन्हे लागतात, म्हणजे ‘पुणे’ या दोन अक्षरांची छत्तीस. म्हणून संदेशात पत्ता हाताने देवनागरीत टाइप करावा आणि पानाचे मार्ग छोटे ठेवावेत.

परदेशातील मराठी मंडळांना काय पर्याय आहेत?

‘.भारत’खेरीज देवनागरीत लिहिलेली ‘.कॉम’ आणि ‘.नेट’ हीही अधिकृत नावे आहेत. ती व्हेरिसाइन या कंपनीकडे आहेत. ज्या मंडळाची पुढची पिढी रोमन कळफलकावरच वाढली आहे, त्यांनी रोमन नाव मुख्य ठेवून देवनागरी नाव त्याकडे वळवलेले सोयीचे.

आमच्या संस्थेचे नाव दुसऱ्यानेच नोंदवले आहे. काय करावे?

‘.भारत’ नावांना ‘.इन’चेच तंटा-निवारण धोरण लागू होते. त्यात निक्सीकडे तक्रार करता येते आणि नेमलेला लवाद निर्णय देतो. नावावर आपला आधीचा हक्क आहे आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतले आहे, हे दाखवावे लागते. नोंदणीकृत बोधचिन्ह, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, जुने अहवाल असे पुरावे गोळा करावेत. ‘प्रकाशन’सारख्या सर्वसामान्य शब्दावर असा हक्क सांगता येणे कठीणच.

फलकावर आणि पावतीवर हा पत्ता कसा छापावा?

पत्ता फलकावर आला की तो केवळ चित्र असतो आणि वाचणारा ते पाहून स्वतःच्या मोबाइलवर टाइप करतो. म्हणून जोडाक्षरे सुटी आणि ठळक दिसतील असा फॉन्ट घ्यावा. सुलेखनाची वळणे संस्थेच्या नावाला शोभतात, पत्त्याला नाही. नाव आणि ‘भारत’ यांमधले टिंब ठसठशीत असावे, कारण बारीक टिंब शेजारच्या अक्षराच्या अनुस्वारासारखे किंवा छपाईच्या डागासारखे दिसते. पत्ता शिरोरेषेने सलग जोडू नये; टिंबाच्या दोन्ही बाजूंना रेघ तुटलेली असावी. शेजारी क्यूआर कोड द्यावा आणि खाली लहान अक्षरांत रोमन पत्ताही द्यावा. छपाईला होकार देण्याआधी प्रूफ हातात घेऊन, ज्याने हे नाव कधी पाहिलेले नाही अशा एखाद्या माणसाला ते मोबाइलवर टाइप करायला सांगावे आणि आपण गप्प बसून बघावे. तो ज्या अक्षरावर थांबतो, तिथला फॉन्ट किंवा ते नाव अजून बदलायला वेळ असतो.